तुमचे प्रश्न : मिलिटरी इंटेलिजन्समधून थेट भूसुरुंगांच्या धंद्यात

मागच्या अंकात मी इंटेलिजन्समधली नोकरी संपवून भूसुरुंग काढायच्या उपकरणांच्या धंद्यात कसा आलो त्याबद्दल दोन पानं खरडली होती, त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बरेच प्रश्न सारखेच आहेत म्हणून एकत्र केलेत. एकाने विचारलंय की तुम्ही कुठल्या कुठल्या देशात हेरगिरी केलीत, त्यांना नमस्कार, आणि पुढचा प्रश्न.

प्रश्न : सर, माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. 22 वर्षं सर्व्हिस झाली, त्यातली निम्म्याहून जास्त मिलिटरी इंटेलिजन्समधे. डिमाइनिंग इक्विपमेंट बनवणाऱ्या एका कंपनीकडून ऑफर आहे, बिझनेस डेव्हलपमेंटची. पण मी सॅपर (सुरुंग पेरणारा-काढणारा इंजिनियर दलातला फौजी) नाही, आयुष्यात एकही माइन हाताने काढलेली नाही. मग मला का घेतायत? फक्त ओळखींसाठी? — निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा अधिकारी

हो, ओळखींसाठीच घेतायत. उगाच मनाची समजूत घालून घेऊ नका. मलाही तसंच घेतलं होतं, पहिल्या मीटिंगमधे मालकाने तीन वेळा विचारलं की अमुक ठिकाणी कोण बसलंय ते तुम्हाला माहीत असेलच ना. पण ओळखींचं काय होतं माहितीये का, दोन-तीन वर्षात सगळ्यांच्या बदल्या होतात, कोणी रिटायर होतं, आणि तुमचा फोन उचलणारी माणसंच संपतात. त्यानंतरही टिकायचं असेल तर तुमच्याकडे दुसरं काहीतरी लागतं, आणि ते तुमच्याकडे आहे, फक्त कंपनीला ते माहीत नाहीये आणि बहुतेक तुम्हालाही नाही.

या धंद्यात सगळ्यात महाग गोष्ट कुठली? लोकांना वाटतं सुरुंग काढणं. तसं नाही. जिथे सुरुंग नाहीच तिथे शोधत बसणं हे सगळ्यात महाग. कंबोडियाचा एक जुना आकडा मी प्रत्येक मीटिंगमधे सांगतो, 1992 ते 1998 या काळात तिथे डिमाइनर म्हणजे सुरुंग काढणाऱ्या लोकांनी जमिनीतून सुमारे 20 कोटी वस्तू उकरून काढल्या, त्यातल्या सुरुंग किंवा इतर स्फोटक निघाल्या साधारण 5 लाख. म्हणजे 0.3 टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळं खिळे, डब्यांची झाकणं, काडतुसांच्या पुंगळ्या, बॉम्बचे तुकडे. आणि त्यातली प्रत्येक वस्तू माणसाने गुडघ्यावर बसून, हा सुरुंगच आहे असं धरून, अंगुळ अंगुळ माती काढत उकरलेली असते. हे झालं जमिनीच्या आतलं. वरचं त्याहून वाईट, एखाद्या गावाने "पलीकडचं रान सुरुंगाचं आहे" असं एकदा म्हटलं की नकाशावर अख्खं रान लाल होतं आणि वर्षानुवर्षं लालच राहतं, मग आत एक सुरुंग असो, दोनशे असोत की शून्य.

आता मला सांगा, लाल रंगातलं खरं किती आणि ऐकीव किती हे शोधणं कोणाचं काम? तुमचंच ना? या क्षेत्रात त्याला नॉन-टेक्निकल सर्व्हे म्हणतात आणि खात्री करून जमीन मोकळी करायच्या पूर्ण पद्धतीला लँड रिलीज, आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड्समधे (आयएमएएस म्हणतात त्यांना) याची वेगळी कागदपत्रं आहेत ती आधी वाचून काढा. पण मुळात ते काम म्हणजे सोर्स बघणं. सांगणारा स्वतः तिथे होता का ऐकून सांगतोय, कधीचं सांगतोय, गुरं कुठवर चरायला जातात, माणसं कुठे थांबतात, अपघात झाला तो नेमका कुठे. सुरुंग पेरणारा माणूस वेडा नव्हता, त्याच्या डोक्यात काहीतरी हिशोब होता. मोझांबिकमधे काहोरा बासा धरणाहून येणाऱ्या विजेच्या लाइनच्या टॉवरभोवती सुरुंग पेरले होते, कारण टॉवर वाचवायचा होता, मग टॉवरच्या रांगेत चालत गेलं की सुरुंगांचा पॅटर्न आपोआप कळतो. पूल, विहीर, चौकी, वाटेवरचं एकुलतं सावलीचं झाड, सगळीकडे तोच हिशोब. मोझांबिकने 2015 मधे ज्ञात सुरुंगक्षेत्रं साफ झाल्याचं जाहीर केलं, तर हे काम संपू शकतं हेही लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल मी तर मशिन विकायला चाललोय, सर्व्हे करायला नाही. अहो, तेच तर सांगतोय. ज्याला समोरच्याची जमीन कळली नाही तो चुकीचं मशिन विकतो. माझंच ऐका. पहिल्या वर्षी मी एक मेटल डिटेक्टर डेमोसाठी घेऊन गेलो, कारखान्याच्या आवारात तो इतका छान चालायचा की मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. तिथे पोचलो तर माती लालभडक, लोहाने भरलेली. सुरू केला आणि तो जो ओरडायला लागला तो थांबेचना, मातीलाच सुरुंग समजत होता बिचारा. माती कॉम्पेन्सेट करायची, म्हणजे मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायची सोय त्या मॉडेलमधे अगदी जेमतेम होती आणि हे आमच्या कंपनीत इंजिनियरला माहीत होतं, विकणाऱ्याला म्हणजे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. आयुष्यभर "मैदान आधी बघा" असं ज्युनियर लोकांना शिकवलं आणि स्वतः मातीचा एक साधा प्रश्न विचारला नाही. समोर उभे असलेले डिमाइनर हसले नाहीत, ते जास्त लागलं. एकाने फक्त हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

म्हणून माझा सल्ला, जॉइन झाल्यावर पहिले सहा महिने विक्रीचं टार्गेट घेऊ नका, करारात तसं लिहून घ्या. डिमाइनरबरोबर राहा. एका लेनमधे, साधारण मीटरभर रुंदीच्या पट्टीत, व्हायझर लावून उन्हात तासन्‌तास डिटेक्टर फिरवणं म्हणजे काय ते बघा. मग कळेल की ग्राहकाला ब्रोशरमधलं नवीन फीचर नको असतं, त्याला वजन अर्धा किलोने कमी हवं असतं, बॅटरी सगळीकडे मिळणारी हवी असते, आणि केबल तुटली तर आठवड्यात दुसरी हवी असते. आपल्या खात्यात आपण रिपोर्ट लिहून वर पाठवत होतो. इथे खालून वर रिपोर्ट आणायचा, कारखान्याच्या इंजिनियरपर्यंत. डिमाइनर आणि इंजिनियर या दोघांच्या मधे विश्वासू माणूस नसतो. ती जागा तुमची.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर आहे. ओळखीचे एक निवृत्त इंटेलिजन्स अधिकारी लांबूनच स्फोटकं आणि सुरुंग ओळखणारं उपकरण आणतायत, म्हणतात की रेणूंच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, बॅटरी लागत नाही. टेस्ट करू म्हटलं तर म्हणाले टेक्नॉलॉजी क्लासिफाइड आहे. पैसे गुंतवू का? — एक तरुण वाचक

नाही. नाही. आणि तिसऱ्यांदा नाही.

हे पत्र वाचून मला अंगावर काटा आला कारण ही गोष्ट जशीच्या तशी घडून गेलीय. एडीई 651 नावाचं एक उपकरण होतं, पिस्तुलासारखी मूठ आणि त्यावर झुलणारी अँटेना, बस. बॅटरी नाही, म्हणे माणसाच्या शरीरातल्या स्थिर विजेवर चालतं. ब्रिटनमधल्या जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या माणसाने इराकला ती हजारोंनी विकली, चेकपोस्टवर सैनिक ती हातात धरून गाड्यांपुढून चालायचे आणि बॉम्ब घेऊन गाड्या आरामात आत जायच्या. मूळ आयडिया कुठली, तर हरवलेले गोल्फचे बॉल शोधायचं म्हणून विकलं जाणारं एक खेळणं! प्रत्येक पदार्थासाठी वेगळं कार्ड घालायचं असायचं, बीबीसीने 2010 मधे एक कार्ड केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधे तपासून घेतलं तर त्यात दुकानात चोरी होऊ नये म्हणून मालाला लावतात तसला टॅग निघाला. 2013 मधे त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. आणि एवढं होऊनही बगदादच्या रस्त्यांवरून ती उपकरणं काढायचा आदेश निघाला 2016 मधे, कराडा भागातल्या भयंकर स्फोटानंतर. तीन वर्षं! विकणारा तुरुंगात आणि माल अजून ड्युटीवर.

त्याचंच भावंड जीटी 200. थायलंडमधे 2010 मधे सरकारने त्याची रीतसर टेस्ट घेतली, चार डब्यांपैकी एकात स्फोटक लपवायचं आणि उपकरणवाल्याने ते शोधायचं, असं 20 वेळा. बरोबर आलं 4 वेळा. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर सरासरी 5 वेळा बरोबर आलं असतं! म्हणजे नशिबापेक्षाही एक कमी.

आता यात आमच्या खात्याचा काय संबंध, तर तो आहे आणि तो कबूल करायला हवा. मॅकॉर्मिक काही इंटेलिजन्सवाला नव्हता, पूर्वी पोलिसात होता. पण त्याचा माल ज्या गोष्टीवर खपला ती आमच्याकडचीच, "हे गुप्त आहे, यापेक्षा जास्त सांगता येणार नाही" हे वाक्य. आम्ही लोक वीस-वीस वर्षं या वाक्याखाली वाढतो, समोरच्याने सांगितलं नाही की आम्हाला तो जास्त खरा वाटतो! इंटेलिजन्समधे सोर्सचं नाव लपवणं बरोबर असतं कारण त्याचा जीव जाऊ शकतो. डिटेक्टरचा जीव जात नाही. तिथे लपवलं तर जीव जातो तो डिमाइनरचा. हा एक फरक मला पचवायला खूप वेळ लागला, सुरुवातीला ग्राहकाने टेस्ट रिपोर्ट मागितला की मलाही आतून वाटायचं की हा का विचारतोय, याला काय करायचंय.

म्हणून तुमच्या त्या साहेबांना एवढंच सांगा, पाच एकसारखे डबे, एकात नमुना, लपवणारा वेगळा माणूस आणि तो शोधताना खोलीत हजर नाही, खोलीत असलेल्या कोणालाच उत्तर माहीत नाही, निदान 20-25 वेळा. खर्च जवळपास शून्य. खऱ्या डिटेक्टरला टेस्टची भीती नसते, युरोपात तर 2003 मधेच मेटल डिटेक्टर कसे तपासायचे याची ठरवून दिलेली पद्धत आली, सीडब्ल्यूए 14747, ती कोणीही वाचू शकतं. ते टेस्टला तयार झाले तर मला कळवा. होणार नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, अशा माणसाला बऱ्याचदा स्वतःलाही ते खरं वाटत असतं, अँटेना त्याच्या मनगटाच्या नकळत हालचालीने फिरते आणि त्याला वाटतं उपकरणाने फिरवली. त्यामुळे तो प्रामाणिक वाटतो, हा काही पुरावा नाही.

प्रश्न : सुरुंग पेरणारेही फौजीच, मग रिटायर होऊन काढायच्या मशिनवर पैसे कमावणारेही फौजीच. तुम्हाला यात काही वाटत नाही का? — स्पष्ट विचारते, राग मानू नका

राग नाही. वाटतं ना. न वाटणाऱ्याने या धंद्यात येऊ नये.

थोडी माहिती देतो, बचाव म्हणून नाही. 1997 च्या ओटावा करारात माणसांवर वापरायच्या भूसुरुंगांवर पूर्ण बंदी आहे आणि 1999 मधे तो लागू झाला, दीडशेहून जास्त देश त्यात आले. ज्या देशाच्या ताब्यातल्या जमिनीत सुरुंग आहेत त्याने दहा वर्षांत ते काढायचे असं कलम 5 सांगतं, मुदत वाढवून मिळते आणि बरेच देश वाढवून घेतात. पण मोठे मोठे देश बाहेरच राहिले, आणि 2025 मधे एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड, पोलंड यांनी बाहेर पडायचा निर्णय घेतला. म्हणजे आम्हा विकणाऱ्यांची बाजारपेठ वाढणार असं कोणीतरी एका प्रदर्शनात मला आनंदाने म्हणाला, मी चहाचा कप ठेवून बाहेर आलो. नाटकीपणा झाला असेल, पण आलो.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका जुन्या माणसाच्या गोष्टीत सापडतं. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसाट्स्की नावाचा एक पोलिश अधिकारी होता, सिग्नल्सचा. त्याने 1941 मधे हातात धरून चालवायचा मेटल डिटेक्टर बनवला, पेटंट घेतलं नाही, ब्रिटिश सैन्याला देऊन टाकला, बदल्यात राजाचं आभाराचं पत्र मिळालं. 1942 मधे एल अलामेनच्या लढाईत असे सुमारे 500 डिटेक्टर वापरले. त्याच्यापुढे मी कोण, मी पगार घेतो आणि कमिशनही घेतो. फक्त एक पाळतो, सुरुंग बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या भावंड कंपनीचा माल विकत नाही. यामुळे दोन चांगल्या ऑफर गेल्या. बायकोला अजून पटलेलं नाही.

प्रश्न : एवढी मोठाली मशिन्स निघालीत, मग अजून माणसं गुडघ्यावर का? आणि ते उंदरांचं खरं आहे का? — दहावीतला वाचक

उंदरांचं एकदम खरं आहे! आफ्रिकेतले मोठे, गालात पिशवी असलेले उंदीर. त्यांना स्फोटकाचा वास ओळखायला शिकवतात, आणि वजन इतकं कमी की त्यांच्या पावलाने सुरुंग फुटत नाही. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभरहून जास्त सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले, 2020 मधे त्याला सोन्याचं पदक मिळालं, 2022 च्या जानेवारीत म्हातारपणाने गेला. भंगारातल्या लोखंडाकडे तो ढुंकूनही बघत नाही ही त्याची खरी कमाल, वरचे 20 कोटी आठवा.

मशिन्सचं म्हणशील तर फ्लेल नावाचा प्रकार असतो, गोल फिरणाऱ्या लोखंडी दांड्याला साखळ्या आणि साखळ्यांच्या टोकाला हातोडे, जमीन बडवत पुढे जायचं. क्रोएशियाचं एमव्ही 4 किंवा स्लोव्हाकियाचं बोझेना ही रिमोटने चालतात, आत माणूस नसतो. पण चढ आला, मोठे दगड आले, चिखल आला की अडतात. काही सुरुंग फुटत नाहीत, नुसते तुटतात किंवा ढकलले जातात. युद्धात वाट काढायची घाई असते, थोडी जोखीम चालते. शेत परत शेतकऱ्याला द्यायचं तर ठरलेल्या खोलीपर्यंत एकही राहून चालत नाही, म्हणून मशिननंतर परत माणूस नाहीतर कुत्रा जातो. मशिनचा खरा उपयोग झाडी कापायला आणि "इथे नक्की काही आहे का" ते लवकर कळायला.

प्रश्न : माझे मिस्टर तुमच्यासारखेच, इंटेलिजन्समधून याच लाइनमधे गेलेत. सतत युद्ध झालेल्या देशांत टूर असते. आधीही काही सांगायचे नाहीत, आताही नाहीत. मी किती काळजी करू?

ताई, विकणारा माणूस सुरुंगाच्या शेतात हिंडत नसतो. डेमो साफ केलेल्या जागेत होतो, पांढरी खूण म्हणजे साफ, लाल म्हणजे धोका, आणि साइटवर पाय ठेवायच्या आधी ब्रीफिंग होतं, रक्तगट लिहून घेतात, अँब्युलन्स उभी असते. ती नसेल तर काम सुरूच होत नाही. त्यामुळे काळजी थोडी कमी करा.

न सांगण्याचं मात्र मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही. आधीच्या नोकरीतलं त्यांनी कधीच कोणाला सांगू नये, नव्या कंपनीलाही नाही, ते आयुष्यभराचं आहे. पण आत्ताच्या कामात लपवण्यासारखं काही नाहीये. कुठल्या गावी चाललोय, कोण बरोबर आहे, किती दिवस, हे घरच्यांना कळलंच पाहिजे. त्यांना हा अंक दाखवा, आणि म्हणा सांगणाऱ्याने सांगितलंय.

प्रश्न : सर, थोडक्यात सांगा, या धंद्यात पैसा आहे का? — एक माजी कॅप्टन

आहे, पण उशिरा येतो. ग्राहक म्हणजे हेलो ट्रस्ट, मॅग, नॉर्वेजियन पीपल्स एड यांच्यासारख्या सुरुंग काढणाऱ्या संस्था, यूएनच्या एजन्सीज आणि त्या त्या देशांची सरकारी केंद्रं, आणि त्यातल्या बहुतेकांचा पैसा येतो देणगीदार देशांकडून, बजेट वर्षावर्षाचं. देणगी अडली की ऑर्डर अडते. युक्रेनमधे सरकार शेतजमीन साफ करायचा खर्च देतं आणि कामांचे लिलाव प्रोझोरो या सरकारी ऑनलाइन सिस्टिमवर होतात, तिथे ओळखीबिळखी फार चालत नाहीत, हे मला फार आवडलं. यातली बरीच उपकरणं दुहेरी (नागरी आणि लष्करी) वापराची किंवा थेट लष्करी यादीत धरली जातात, एक्स्पोर्ट लायसन्स लागू शकतं, ते आधी विचारा, माल बंदरात अडकल्यावर नाही. आमचा एक कंटेनर चार महिने अडकला होता, कागदावर एक शब्द चुकला म्हणून, आणि तो कागद मी भरला होता.

कॅप्टनसाहेब, सर्व्हिसमधे किती वर्षं होतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, घरात दुसरा पगार आहे का तेही नाही. ते कळवा, मग बोलू.